साडेसहा

नांदेडच्या आमच्या दुकानात हात धुण्याचा एक नियम होता. हातातलं काम पुरतं झाल्याशिवाय, शेवटचा नट आवळल्याशिवाय हात धुवायचे नाहीत. पाहुणा येऊन बसला, जेवणाची वेळ टळून गेली, तरी माझे वडील, म्हणजे बापू, ते काळे हात गुडघ्यांवर ठेवून तसेच बसायचे आणि माय बशी त्यांच्या तोंडाशी धरून चहा पाजायची. "हात धुतला की मिस्तरी काम इसरतो," असं ते म्हणत. त्यामुळे आमच्यात काम झालं का हे कुणी कुणाला विचारत नसे. हात स्वच्छ दिसले म्हणजे झालं. हा नियम आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

दुकान पुढे आणि दोन खोल्या मागे. मधे गोणपाटाचा पडदा. सकाळी सुशीला, म्हणजे चुरमुऱ्यांचा उपमा, परतल्याचा वास आणि रॉकेलमध्ये धुतलेल्या बेअरिंगच्या छऱ्यांचा वास एकत्रच यायचा; मला अजूनही चुरमुऱ्यांबरोबर रॉकेलची आठवण येते. आवाजांवर आमचं घर चालायचं. पंपाचा उसासा, स्पोकवर पाना आपटल्याची किणकिण, आणि सगळ्यांत जास्त फ्रीव्हीलची कटकट. मागच्या चाकाला जी दातेरी चकती असते, जिच्यावरून चेन फिरते, ती फ्रीव्हील. पायडल थांबवलं तरी चाक फिरत राहतं ते तिच्यामुळे, आणि तसं फिरताना ती कटकट वाजते. बापू भाकरी कुस्करत आतून ओरडायचे, "त्या निळ्या सायकलीचा एक घोडा मोडलाय रे, उघड ती." घोडा म्हणजे आतला बारका खटका. न पाहता, नुसत्या आवाजावरून सांगायचे. हळूहळू माझेही कान तसे झाले. हेही लक्षात असू द्यावं.

माझी थोरली बहीण, आम्ही तिला अक्का म्हणायचो, रेणापूरला दिली होती. तिचे मालक, म्हणजे माझे दाजी, गणपतराव, सायकलीचे खेळ करायचे. आजच्या वाचकाला हे सांगावं लागेल. गावच्या शाळेच्या मैदानात गोल आखायचा, मधे खांब रोवून त्याला कर्णा बांधायचा, आणि त्या गोलात एका माणसाने सात दिवस सायकल चालवायची. पाय जमिनीला लावायचा नाही. जेवण सायकलीवर, अंघोळ सायकलीवर, दाढीसुद्धा सायकलीवर. न्हावी शेजारून पळत असायचा आणि अख्खं गाव त्यालाच हसत असायचं. सायकल बिघडली तर दुसरी सायकल बाजूने चालवत न्यायची आणि दाजी चालत्या एकीवरून चालत्या दुसरीवर जायचे. पहाटे त्यांच्या खाजगी गरजांसाठी आम्ही चौघे जण चादरी धरून त्यांच्या बरोबरीने गोलात चालायचो. चादर धरणाऱ्याने तोंड बाहेर करायचं, हा रिवाज. बाहेर पारावर बसलेले म्हातारे रोज तोच प्रश्न विचारायचे.

"आरं, उतरतो का न्हाई ह्यो मागं चादरीच्या?"

"तुमीच या की धरायला एक कोपरा," मी म्हणायचो.

"नगं बाबा, वास येतो म्हन्त्यात," असं म्हणून ते हसायचे.

बापूंना हे खेळ पसंत नव्हते. जावई तमासगीर निघाला, असं ते मायजवळ म्हणायचे. पण अक्काचा शब्द मोडवत नव्हता, म्हणून मी एकोणीस वर्षांचा असताना त्यांनी मला दाजींबरोबर मिस्तरी म्हणून जाऊ दिलं. मुदखेड, लोहा असे खेळ करत आम्ही फिरलो. मी दुकानापेक्षा तिथे जास्त शिकलो. कारण दुकानात शिकंजा, म्हणजे टेबलाला पक्का बसवलेला लोखंडी जबडा असतो, आणि मैदानात नसतो.

फ्रीव्हील काढायला एक चावी लागते. ती खाचांत बसवली, शिकंज्यात पकडली, आणि सगळं चाकच दोन्ही हातांनी गाडीच्या स्टिअरिंगसारखं फिरवलं की ती सुटते. पायडल मारून मारून ती इतकी घट्ट बसलेली असते की नुसत्या पान्याने हलत नाही. पिशवीत चावी नेता येते. शिकंजा कसा नेणार? त्यावर दाजींनी तोड काढली होती. प्रत्येक गावात हापसा असायचा. हापशाच्या बुडाशी दोन मोठे नट जवळजवळ असतात, त्यांच्या फटीत चावी रोवायची, वर चाक आडवं ठेवायचं आणि पाणी भरायला आलेल्या बायकांना म्हणायचं, "मावशी, जरा कळशी बाजूला घ्या." मग एक हिसका, आणि चकती सुटायची. आम्ही नवीन गावात गेलो की आधी देऊळ नाही, हापसा शोधायचो.

गेल्या वर्षी माझ्या नातीने मला हाताच्या तळव्याएवढं एक हत्यार दाखवलं. ती लातुरात कॉलेजात आहे, गिअरच्या सायकलीवर लांब लांब जाते. तिच्या मागच्या चाकाला एक नाही, दहा चकत्यांची उतरंड आहे. तिला कॅसेट म्हणतात. ते बारकं लोखंड कॅसेटच्या मधल्या रिंगमध्ये बसवायचं, त्याचं एक टोक सायकलीच्याच सांगाड्याला टेकतं, आणि सायकलच स्वतःचा शिकंजा होते. रस्त्यात कुठेही चकत्या काढा, स्पोक बदला, पुन्हा आवळा. मी बराच वेळ ते हातात धरून बसलो. तिला वाटलं आजोबांना समजलं नाही. मला हापसा आठवत होता.

दाजींचा शेवटच्या दिवसाचा खेळ उलट्या फेऱ्यांचा असे. सायकल मागे मागे चालवायची, पायडलही उलटं मारत. त्यासाठी दुसऱ्या सायकलीची फ्रीव्हील काढून तिथे फिक्स चकती बसवावी लागे. फिक्स म्हणजे जी कटकट करत नाही. चाक फिरलं की पायडल फिरतं, पायडल उलटं तर चाक उलटं. आम्ही तिला मुकी सायकल म्हणायचो. तिच्यात एक धोका असतो. सरळ पायडलने चकती आवळत जाते, उलट्या पायडलने सुटत जाते. म्हणून चकतीवर एक लोखंडी रिंग चढवून दोन्ही एकमेकींवर करकचून आवळायच्या. चकती धरायला लाकडी दांड्याला ठोकलेला चेनचा तुकडा, आणि रिंग फिरवायला टोकाला आकडी असलेला एक पाना. त्या पान्याला आम्ही नुसतं 'आकडा' म्हणायचो. बापूंनी तो स्वतः भट्टीत तापवून घडवला होता. हाताने रिंग कितीही पिळा, उपयोग नाही. आकड्यानेच.

रेणापूरचा खेळ दाजींच्या स्वतःच्या गावातला. तिथे त्यांनी आधी कधी केला नव्हता. अक्काने सात दिवस मैदानाच्या कडेला चूल मांडली होती. दूध, केळी, मऊ धपाटे, सायकल समोरून जाताना हातात द्यायचे आणि पुढच्या फेरीत रिकामी वाटी घ्यायची. सहाव्या दिवशी दाजींचे डोळे आत गेले होते, ओठ फुटले होते, पण अक्कासमोरून जाताना ते दोन्ही हात सोडून टोपी काढायचे आणि बायका पदराआड खिदळायच्या. सातव्या दिवशी नांदेडहून एसटीने बापू आले. जावयाचा खेळ बघायला पहिल्यांदाच. आल्या आल्या पाटलांच्या शेजारी खुर्चीवर बसले, धोतराचा सोगा मांडीवर घेऊन, परीक्षा घ्यायला बसावं तसे.

त्या दिवशी सकाळी मी हापशावर फ्रीव्हील काढली. फिक्स चढवली, चेनच्या तुकड्याने आवळली. रिंग हाताने फिरवून बसवली आणि आकड्याकडे हात करणार, तेवढ्यात कर्ण्यावरून माझं नाव पुकारलं गेलं. दाजींची शेवटच्या दिवसाची तेल लावून अंघोळ होती, चादर धरायला एक माणूस कमी पडत होता. तेलाच्या अंघोळीला काळे हात कसे चालणार? मी हापशावरच हात धुतले. हात धुतला आणि विसरलो. बापूंचं वाक्य इतकं खरं ठरेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

आठवलं ते तासाभराने. धावत हापशाजवळ गेलो तर हत्यारं नव्हती. शेवटच्या दिवशी हत्यारं पुजायची असतात. अक्काने ती सगळी राखेने घासून, धुऊन, पाटावर मांडली होती. आकडा मधोमध, त्याला हळदी-कुंकवाची बोटं, वर झेंडूचं फूल. पूजेला बसलेलं हत्यार शेवटचा नारळ फुटेपर्यंत उचलायचं नाही. उचललं तर चालवणारा पडतो, असं आमच्यात पक्कं मानत. मी वाकलो तेव्हा अक्का हसत म्हणाली, "आरं आरं, शिवू नको. काय पायजे तुला?"

"काई न्हाई," मी म्हणालो.

एवढंच बोलायचं होतं की रिंग ढिली आहे. अक्काने फूल बाजूला करून स्वतःच्या हाताने आकडा दिला असता, याबद्दल मला आज तिळमात्र शंका नाही. पण पाटापासून दहा पावलांवर बापू होते, आणि ते माझ्या हातांकडे बघत होते. स्वच्छ हातांकडे. पाटलांना म्हणत होते, "पोराचं काम आटपलं. माझ्याच हाताखाली तयार झालंय." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्याबद्दल चारचौघांत असं काही म्हटलं होतं. मी हापशामागे गेलो, रिंगच्या खाचेला खिळा लावून, दगडाने ठोकत ती थोडी सरकवली, आणि स्वतःला सांगितलं की बसली. पाचच तर उलट्या फेऱ्या.

मुकी सायकल मी चालवत नेली. दाजी तिच्यावर आले. चार-पाच सरळ फेऱ्या झाल्या. कर्णा बंद केला गेला, कारण उलट्या फेऱ्यांना गाव शांत राहत असे. पहिली उलटी फेरी झाली. दुसरी झाली. तिसऱ्या फेरीत, अगदी अक्काच्या चुलीसमोर, दाजींचे पाय एकदम भर्रकन फिरले आणि चाक जागेवर राहिलं. ते मागे कंबरेवर आपटले. आवाज मोठा झाला नाही. सुपारी फुटावी तेवढाच.

सगळे दाजींकडे धावले. मी सायकलीकडे धावलो. हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली. चकती आणि रिंग दोन्ही मिळून एक वेढाभर बाहेर आल्या होत्या. मी चाकाआड बसलो, दोन्ही हातांनी पुन्हा आत पिळल्या, हात मातीत पुसले आणि उठलो. समोर बापू होते.

"सायकल?" त्यांनी विचारलं.

"सायकल ठीक हाय, बापू."

त्यांनी स्वतः एकदा पायडल सरळ फिरवून पाहिलं. सरळ ते फिरणारच. त्यांनी मान डोलावली, आणि पारावरच्या म्हाताऱ्यांपैकी कुणीतरी, वाईट हेतू न ठेवता, नुसतं सुचलं म्हणून म्हणालं, "सायकल ठीक हाय मंजे मानूस चुकला. उतरला आसंल चादरीमागं. देवाला कुठं खोटं चालतंय?" तासाभरात हे गावाचं मत झालं. नारळ फुटला नाही. पूजेतला आकडा संध्याकाळपर्यंत फुलासकट तसाच होता.

लातूरच्या दवाखान्यात दाजींचं कंबरेचं हाड बांधलं. तिसऱ्या दिवशी अक्का मला बाहेरच्या लिंबाखाली घेऊन गेली. तिच्या पदराला अजून चुलीचा धूर होता.

"तू रोज पहाटं चादर धरायचास," ती म्हणाली. "खरं सांग. पाय टेकला व्हता का त्यांनी?"

"मला कसं कळावं, अक्का? माझं तोंड तर बाहीर असायचं."

माझं तोंड बाहेर असायचं हे खरं होतं. त्या खऱ्याच्या आडोशाला मी पन्नासहून जास्त वर्षं बसलो.  त्यानंतर अक्का दाजींना कधी "टोपी काढा" म्हणून चिडवताना मी पाहिली नाही.

दाजी लंगडत राहिले. गिरणीवर दळण दळायला लागले. रेणापुरात त्यांना नाव पडलं, साडेसहा. सातवा दिवस पुरा झाला नाही म्हणून. पिठाचा डबा घेऊन येणारी पोरंही हाक मारायची, "ओ साडेसहा, बारीक दळा!" ते बारीक दळायचे. कुणा गावाने पुन्हा बोलावलं नाही. बोलावलं तरी कंबर चालली नसती, हे वेगळं. मी दुकान सांभाळलं, पुढे लातूरला आलो, चांगला मिस्तरी म्हणून नाव झालं. बापू मरेपर्यंत सांगत राहिले की ह्याच्या हातचं कधी ढिलं निघालं नाही.

दाजींना ठाऊक होतं का? मुकी सायकल चालवणाऱ्याला चकती सुटल्याचं पायात कळतं, न कळून चालतच नाही. एकदा ते नांदेडच्या दुकानात आले असताना भिंतीवरचा आकडा काढून त्यांनी हातात घेतला, वजन पाहिलं, पुन्हा खिळ्याला अडकवला. "चांगलं हत्यार हाय," एवढं म्हणाले. त्यांना काय म्हणायचं होतं, हे मी ठरवायला जात नाही. मला सोयीचं तेवढंच मी ठरवीन.

ते वारले त्याला सहा वर्षं झाली. आठवणी लिहायला घेतल्या तेव्हाही हे प्रकरण मी लिहिणार नव्हतो. पण गेल्या हिवाळ्यात नात व्हरांड्यात कॅसेट बसवत होती. रिंग बोटांनी फिरवली, आईने जेवायला हाक मारली, ती उठून नळावर हात धुवायला लागली. मी एवढ्या जोरात ओरडलो की शेजारचे बाहेर आले. पोर रडवेली झाली. "आजोबा, जेवून आल्यावर आवळणारच होते ना मी!" मी म्हणालो, "मीपण आवळणारच होतो." मग तिने विचारलं, आणि मी तिला सगळं सांगितलं. तिने आधी रिंग आवळली. म्हणाली, "हे मला सांगून काय उपयोग? मोठ्या आजीला सांगा."

आम्ही दोघं रेणापूरला गेलो. ती सायकलीवर, मी एसटीने. अक्का आता ऐंशीच्या पुढे आहे. कान बरे आहेत, डोळे गेले. ओसरीवर तिच्यासमोर बसून मी सांगितलं. हापसा, पाट, दगड, चकती.  संपल्यावर अक्का म्हणाली, "ऊठ, जा हितनं, आसं म्हनावं वाटायलंय." मी उठलो. "बस," ती म्हणाली. "मंजी पडले ते तुझ्यामुळं. ते कळलं. पन पाय टेकला व्हता का न्हाई, ते कुठं सांगितलास? तुझं तोंड तर बाहीर व्हतं."

"ऐकू यायचं, अक्का. चादरीमागं ते पायडल थांबवायचे. सायकल नुसती सरकायची. तेव्हा फ्रीव्हील वाजते. चाक थांबलं तर आवाज थांबतो. सात पहाटा मी ऐकलं. एकदाही थांबला न्हाई."

"कसला आवाज?"

मी नातीला खूण केली. तिने सायकल ओसरीवर उचलून आणली, मागचं चाक अधांतरी धरलं आणि फिरवलं. नव्या सायकलीची कटकट बारीक आणि दाट असते, पण आवाज तोच. अक्का मान कलती करून ऐकत राहिली. चाक मंदावलं, कटकट विरळ झाली, थांबली.

"मी त्यांना धा येळा इचारलं," अक्का म्हणाली. "दर बारीला म्हनायचे, न्हाई टेकला. मी म्हनायची, बरं. पन बरं म्हनायचा बी एक सूर असतोय." मग म्हणाली, "लिवायलास म्हने तू कायतरी. त्यात हे लिव. आन माझं बी लिव. बायकोनं बी धरलं न्हाई खरं, आसं लिव. शाळेच्या मैदानात उभं ऱ्हाऊन वाचून दाखव समद्यास्नी. हाय का धमक?"

मी हो म्हणालो. म्हणून हे लिहिलं आहे, आणि ज्या भाषेत मैदानात वाचता येईल त्याच भाषेत लिहिलं आहे. गणपतराव सात दिवसांत एकदाही उतरले नाहीत. शेवटच्या दिवशी तिसऱ्या उलट्या फेरीत त्यांची सायकल सुटली, कारण मी रिंग आवळली नव्हती, आणि सुटलेली चकती मी लपवली. आवळलेली नसताना हात धुतले होते, ते मी.

आम्ही निघायला उठलो तेव्हा अक्का नातीला म्हणाली, "थांब गं बाई. फिरव अजून एकदा." नातीने चाक फिरवलं. ते मंदावायला लागलं की अक्का बोट उचलायची, आणि ती पुन्हा फिरवायची.